ज्याला सुतक लागत नाही

संगमनेर,
12 ऑक्टोबर 2025

प्रिय आक्का,

तुझं पत्र परवा मिळालं. ‘साबर बोंडं’ बघताना तुला दोनदा डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा माणसं होती तिथंच बसलेली होती, असं लिहिलंयस. पुढं लिहिलंयस, सुतकाचे दहा दिवस आपण घरात काढतो तेवढे पुरेत, ते पैसे देऊन कशाला बघायचे? काही घडतच नाही. आणि सगळ्यात शेवटी, सही करून झाल्यावर, खाली बारीक अक्षरात: ‘असलं आपल्याकडं नसतं गं.’

पहिल्या दोन गोष्टींवर तुझ्याशी भांडायचंय. तिसरीवर बोलायचंय. फोनवर हे नीट होणार नाही, म्हणून लिहिते.

आधी ‘आपल्याकडं’ म्हणजे कुठं ते बघू. हा सिनेमा जिथं चित्रित झाला ते खरशिंदे आपल्याच तालुक्यातलं. मुरमाड रान, बाभळी, बांधाला दगड रचलेले, उन्हानं पांढरी पडलेली वाट. दिग्दर्शकाचं नाव रोहन परशुराम कानवडे. कानवडे हे आडनाव संगमनेरला काही नवं नाही. ते वाढले मुंबईत, झोपडपट्टीतल्या एका खोलीत. वडील गाडीवर चालक होते. ते गेल्यावर दिवस घालायला गावी आले, आणि त्या दहा दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण यांच्या लग्नाचं काढत राहिला. तेव्हा वाटलं, इथं आपलं कुणी असतं, ज्याच्याबरोबर घटकाभर या गर्दीतून बाहेर पडता आलं असतं. त्यातून हा सिनेमा सुचला, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलंय. या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला आणि तिथला जागतिक कथापट विभागाचा ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्या महोत्सवात निवडलेला हा पहिला मराठी सिनेमा. आपल्याकडं 19 सप्टेंबरला लागला. पंचांग काढून बघ, पितृपक्ष चालू होता, दोन दिवसांवर सर्वपित्री. त्या पंधरवड्यात आपण नवं लुगडंसुद्धा घेत नाही. पण बाप गेलेल्या मुलाची गोष्ट त्याच दिवसांत यावी, हा योग मला फार बरा वाटला.

आम्ही नवरात्रात पुण्याला यांचे डोळे दाखवायला गेलो होतो, तेव्हा बघितला. तुला तिथली माणसं सांगते, कारण मी पडद्याइतकंच त्यांच्याकडंही बघत होते. आमच्या पुढं दोन बायका होत्या, माझ्याच वयाच्या. नातेवाईक सिनेमातल्या त्या मुलाला, आनंदला, घेरून ‘पोरगी बघू का’ सुरू करतात तेव्हा त्या दोघी खुदकन हसल्या. ओळखीचं हसू ते. असं बोलणारे मामा, काका, आत्या सगळ्यांच्या घरी आहेत. मग थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा, आणखी एकाच्या तोंडून. या वेळी हसू कमी. तिसऱ्यांदा आला तेव्हा कुणीच हसलं नाही. आक्का, प्रश्न तोच होता. बदललो होतो आम्ही, कारण मधल्या वेळात आम्हाला त्या मुलाच्या शेजारी बसवून ठेवलं होतं. उठू दिलं नव्हतं. तुला जो कंटाळा वाटला तो हाच. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत अजिबात नाही, एकेक प्रसंग एकाच जागेवरून सावकाश बघायचा. एकदा कान त्याला सरावले की भांड्यांचा आवाज येतो, शेळ्यांचा येतो, लांबचं कुणाचं तरी बोलणं येतं. सुतकाच्या घरात तुला-मला दुसरं काय ऐकू येतं?

माझ्या मागच्या रांगेतला एक तरुण मध्यंतरात मित्राला म्हणाला, रंगीत आहे हेच विसरायला झालं, मला कृष्णधवल सिनेमा बघतोय असं वाटतंय. मला पटलं ते. सुजय डहाकेंनी 2023 साली ‘श्यामची आई’ कृष्णधवल केला. तिथं रंग काढून टाकून आपल्याला जुन्या काळात नेलं होतं, अत्र्यांच्या 1953 सालच्या चित्राच्या शेजारी. इथं रंग आहेत, पण दुखवट्याच्या घरात रंगाकडं कुणाचं लक्ष असतं? जे चित्र काही सजवत नाही ते पुढं आठवताना करडंच आठवतं. त्यात साबराच्या बोंडाचा गर तेवढा लालभडक राहतो.

तू शहरात राहून साबराचं बोंड विसरली असशील. फड्या निवडुंगाचं ते फळ. मोठे काटे दिसतात तरी, ते टाळता येतात. पण फळावर बारीक लव असते, ती बोटांत शिरली की दिवसभर कुसळासारखी सलते, आणि दिसत नाही म्हणून काढताही येत नाही. म्हणून आजी ते कधी हातानं तोडू द्यायची नाही. चिमट्यात धरायची, राखेत फिरवायची, दगडावर घासायची, मग सोलून आपल्या हातावर ठेवायची. ओठ-जीभ लाल. कुणी दुसऱ्यानं सोलून दिल्याशिवाय लहान पोराला ते खाता येत नाही. सिनेमातला बाळ्या आनंदसाठी ती फळं आणतो. तुला वाटलं तिथं काही घडलं नाही. आपल्या माळावरच्या माणसानं दुसऱ्यासाठी काटे झाडून साबराचं बोंड आणणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला सांगावं लागेल. तुला कशाला सांगायचं?

आनंद आणि बाळ्या बालपणीचे ओळखीचे. एक मुंबईत नोकरी करणारा, बाप गेला म्हणून आईबरोबर आलेला. दुसरा गावातच राहिलेला, शेळ्या राखणारा, लग्न टाळत टाळत थकलेला. भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांनी ही कामं इतकी कमी बोलून केली आहेत, की शब्द मोजावेत. आईच्या कामात जयश्री जगताप आहेत. तिला मुलाचं सगळं माहीत आहे, आणि ती ते नातेवाइकांपासून जपते. रडणाऱ्या बायकांच्या गराड्यात बसूनही तिचं अर्धं लक्ष मुलाला कोण काय विचारतंय इकडं आहे. नवऱ्याचं दुःख अजून पुरतं केलेलं नाही आणि मुलाची राखण सुरू. असं दुःख बायकांच्या वाट्याला किती आलंय ते तू मला सांगू शकतेस, मी तुला सांगू शकते. पडद्यावर मात्र मी पहिल्यांदा बघितलं.

परतताना हे गाडीत भरपूर बोलले. चाकणपासून आळेफाट्यापर्यंत घराच्या भिंती, ओटा, माणसांची बोली, ‘अगदी आपलं बोलणं ठेवलंय, पुस्तकी केलं नाही’. पुढं बोट्यापर्यंत आणेवारी, पाऊस, कांदा. त्या दोन मुलांबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. चंदनापुरीचा घाट उतरताना म्हणाले, ‘पोराची आई मोठी बाई आहे.’ एवढंच. त्यांच्या तोंडून हे यायला इतकी वाट सरावी लागली, आणि आलं ते आईच्या आडून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दाराशी येऊन उभं राहायला काही माणसांना वेळ लागतो.

आपल्या गावात मात्र मी एक बघितलं. पुरस्काराची बातमी आली तेव्हा ओळखीतल्या किती जणांनी अभिमानानं सांगितलं, आपल्या तालुक्यातल्या मुलानं नाव काढलं! मी विचारलं, सिनेमा कशावर आहे? ‘वडील वारतात त्यावर.’ ‘गावाकडं परत येण्यावर.’ ‘आपल्या रीतीभातींवर.’ सगळी उत्तरं खरी. त्यातल्या एकानंही पुढचं अर्धं वाक्य उच्चारलं नाही. खोटं कुणी बोललं नाही. आपण ओळखीच्या माणसाबद्दल जसं बोलतो तसंच ते सिनेमाबद्दल बोलले: माहीत असलेलं वगळून.

मुंबईत-पुण्यात दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या प्रेमावर आधी काही झालंच नाही असं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आलं. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोघींचा प्रसंग आला. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 ची. पण ती माणसं कॉलेजात शिकणारी, वाड्यात नाहीतर फ्लॅटमध्ये राहणारी, नाहीतर संस्थेच्या चार भिंतींत अडकलेली. वाचणारा, बघणारा सहज म्हणायचा, शहरातलं आहे, शिकलेल्यांचं आहे. रोहन कानवडेंनी ‘साबर बोंडं’च्या आधीच ‘उ उषाचा’ या लघुपटात शेतात राबणारी, अक्षरओळख नसलेली बाई आणि शाळेतली शिक्षिका यांची गोष्ट केली होती. आणि आता शेळ्या वळणारा बाळ्या. त्यानं कुठलं पुस्तक वाचून हे शिकून घेतलं नाही. तो जन्मापासून त्याच बांधावर आहे.

एक आक्षेप मला तुझ्या आक्षेपांपेक्षा वजनदार वाटतो. पुण्यात बाहेर पडताना एक बाई म्हणत होत्या, ‘असे आईबाप असतात का? इतके समजूतदार?’ सिनेमातला बापही मुलाला समजून घेऊन गेलेला आहे. मलाही क्षणभर वाटलं, संघर्ष सोपा केला. मग कानवडेंनी स्वतःच्या घराबद्दल जे सांगितलंय ते आठवलं: त्यांच्या आईवडिलांनी त्यांना आहे तसं स्वीकारलं होतं. मुंबईच्या एका खोलीत राहणारा चालक आणि त्याची बायको. म्हणजे असे आईबाप असतात. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण ते घरात स्वीकारतात आणि दाराबाहेर गप्प राहतात. शिवाय घरात भांडण ठेवलं असतं तर आपल्याला दोष द्यायला एक बाप मिळाला असता, आणि बाकीचे सुटले असते. इथं दुष्ट कुणीच नाही. मामा, काका, शेजारी, सगळे मायेनं विचारतात. त्या मायेचाच जीव घुसमटवणारा भार होतो, हे मला जास्त खरं वाटतं.

आता तुझी तिसरी ओळ. असलं आपल्याकडं नसतं.

आक्का, अण्णांचे दिवस आठव. मागच्या कार्तिकात अण्णा गेले. जन्मभर मळ्यात एकटे राहिले, लग्न केलं नाही. ‘त्याला संसाराची आवड नव्हती’ असं आपण सगळे म्हणत आलो. गुरुजी आपल्या शाळेवर बदलून आले तेव्हा तू-मी दोघी झग्यात होतो. पुढं त्यांची बदली अकोल्याकडं झाली, लग्न झालं, मुलं झाली, बायको वारली, निवृत्त झाले. दर शनिवारी अण्णांकडं येणं मात्र चुकलं नाही. आधी सायकल, मग एसटी, मग ती खटारा मोटारसायकल. अण्णांची रेडिओची बॅटरी, चष्म्याची काडी, पुढं मधुमेहाच्या गोळ्या, सगळं तेच आणायचे. अण्णांच्या शेवटच्या आजारात औषधांच्या वेळा पाठ कुणाला होत्या? आपल्या दादाला नव्हत्या, मला नव्हत्या.

सावडायच्या दिवशी गुरुजी आले. त्यानंतर रोज आले. गोठ्याजवळच्या लिंबाखाली बसायचे. सोसायटीच्या कर्जाचे कागद कुठं आहेत, गाय कधी व्यायची आहे, कूपनलिका किती फूट गेली होती, दादा प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायचा आणि ते सांगायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यांना कुणी जेवायला थांबवलं नाही, कारण सुतकाच्या घरी परक्यानं जेवायचं नसतं. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दाराशी मला म्हणालीस, ‘गुरुजी रोज कशाला येतात? लोक काय म्हणतील?’

लोक काय म्हणणार होते, आक्का? आपल्याकडं नसतं ना असलं?

मी तुला कोंडीत धरत नाही. अण्णा आणि गुरुजी एकमेकांचे कोण होते ते मी ठरवणार नाही. तो त्यांचा प्रश्न होता आणि त्यांनी तो आपल्यापुढं कधी मांडला नाही. मला एवढंच म्हणायचंय, की तुला माहीत होतं. मलाही होतं. मळ्यातल्या गड्यांनाही असावं. आणि आपण सगळ्यांनी मिळून ते असं सांभाळलं, की त्यात अण्णांची अब्रू राहिली आणि गुरुजींना शोक करायला जागा उरली नाही.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर काय झालं ते तू पाहिलंसच. पिंड ठेवले. कावळे पलीकडं झाडावर होते, पण एकही खाली येईना. मग नेहमीसारखं सुरू झालं. दादा पुढं होऊन म्हणाला, मळा विकणार नाही. धाकटा म्हणाला, गाय सांभाळतो. तू म्हणालीस, दरसाल तुमच्या नावानं पंगत घालीन. मी काय बोलले ते माझ्यापाशी राहू दे. चुलतभाऊ बोलले, जावई बोलले, ज्यांनी अण्णांना दहा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं तेही बोलले. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उरकलं. गुरुजी वरच्या पायरीवर छत्री टेकून उभे होते. त्यांना पुढं या, तुम्ही दोन शब्द बोला, असं कुणी म्हटलं नाही. नंतर भाऊबंदांना टोप्या-टॉवेल झाले. गुरुजींनी डोक्यावरची स्वतःचीच टोपी काढून हातात घेतली होती.

ते मी तेव्हाही बघितलं होतं. पण बघणं आणि दिसणं यात अंतर राहतं. थिएटरात, सगळे रीतीप्रमाणे बसले आहेत, आनंदला कुणी तरी काही विचारतंय आणि तो खाली बघतोय, अशा एका लांबलेल्या प्रसंगात माझ्या डोळ्यांपुढं ती वरची पायरी आली. सिनेमा पुढं जात नव्हता म्हणूनच आली. त्यानं घाई केली असती, गाणं लावलं असतं, तर मी ते ऐकत बसले असते. तू ज्याला रिकामी जागा म्हणतेस ती अशी कामाला येते. परदेशातल्या परीक्षकांना तिथं काय दिसलं असेल ते त्यांचं त्यांना. कावळा शिवणं म्हणजे काय, भाऊबंदाची टोपी म्हणजे काय, हे त्यांच्या रक्तात नाही. आपल्या आहे. म्हणून आपलं बघणं त्यांच्यापेक्षा जड असायला हवं होतं.

तू म्हणशील, आता काळ बदलला, कायदा बदलला. बदलला खरा. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा नात्याला गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग मोडीत काढला. पण 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायचं नाकारलं आणि ते काम संसदेवर सोडलं. म्हणजे आता कुणी तुरुंगात जाणार नाही, आणि दवाखान्यातल्या अर्जावर ‘नातं’ या रकान्यात लिहायलाही काही नाही. गुरुजींच्या पिढीला तर पहिला निकालही फार उशिरा लागला. पण घाटाच्या पायऱ्यांवर कुणाला पुढं बोलवायचं हे ठरवायला न्यायालय लागत नाही. ते आपलं आपण ठरवतो. दर दहाव्याला ठरवत आलोय.

म्हणून हे काम तुझ्यावर टाकते. पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. दादानं यादी केलीय, मी बघितली. भाऊबंद आहेत, सोयरे आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, गुरुजी नाहीत. मुद्दाम वगळलं असं नाही, त्याच्या मनात आलेलंच नाही. मी सांगितलं तर तो ‘बघू’ म्हणेल. तू थोरली आहेस, तुझा शब्द तो खाली पडू देत नाही. त्याला सांग, की पंगतीत गुरुजींचं पान त्याच्या शेजारी मांडायचं, आणि भाऊबंदांबरोबर त्यांनाही टोपी-टॉवेल द्यायचा. कारण विचारलं तर कारण सांगू नकोस. ‘माझी इच्छा आहे’ म्हण. आणि पंगतीआधी घाटावर जाऊ तेव्हा त्यांना आपल्याबरोबर पाण्यापर्यंत न्यायचं. बोलायचं असेल तर बोलतील, नसेल तर नाही.

आमंत्रण मात्र त्यांना मुलांमार्फत जाता कामा नये. ते आता धाकट्या मुलाकडं असतात, त्यांचा नंबर माझ्याकडं आहे. तू शुक्रवारी येणार आहेस तेव्हा मी फोन लावून देते, बोलायचं तू. तुझ्याकडून आलं तर त्यांना कळेल की घरानं बोलावलंय.

यांचे डोळे बरे आहेत. येताना जाड साय असलेलं दही आणू नकोस, इथं मिळतं.

तुझी,
धाकटी